पूरदगडाच्या वरचं गाव

खडकपेठ, चैत्र वद्य तृतीया, शके १८३२

घाटनांदूरच्या दुकानी असलेल्या आमच्या मालकांस नीलम्माचा शरणार्थ.

बंकट गाडीवान सरकीच्या गाड्या घेऊन मोमिनाबादेला निघालाय. तिथून तो घाटनांदूरला येणार, म्हणून त्याच्याजवळ हे पत्र दिलं. परत या म्हणायला मी लिहीत नाही. तुम्ही आपल्या पायानं गेलात आणि पाय तुमच्याजवळच आहेत. विरुपाक्ष भावजींनी निरोप धाडला की दादांची उन्हाळी धोतरं आणि विभूतीची डबी पाठवा. दोन्ही पाठवलंय. डबी घासून दिली आहे. तुम्ही कधी घासत नव्हतात.

चावडीतून तुम्ही उठून गेलात, त्यानंतरचं तुम्हाला पाटलांच्या माणसाकडून कळलं असेल. पाटलांच्या तोंडून निघालेली गोष्ट पाटलांच्याच दारात जाऊन बसते. म्हणून मी माझ्या हातानं लिहिते. सुरुवातीपासून लिहिते, कारण भावजींना आणि जाऊबाईंना तुम्ही काही सांगितलं नसणार. त्यांनीही हे वाचावं.

जाऊबाई, ज्या साली मुसीनं हैदराबाद बुडवलं, त्याच साली आमची कुंडलिका पेठेत शिरली. दुकानातला गूळ विरघळला आणि मिठाच्या नुसत्या गोण्या राहिल्या. ते काही मोठं नव्हे. गावकुसाबाहेर, नदीच्या अगदी काठाला दोर वळणाऱ्यांची वस्ती होती. अंबाडी भिजवायला पाणी लागतं आणि वर गावात त्यांना कोणी जागा देत नाही, म्हणून ती माणसं तिथं राहत आलेली. ती वस्ती मुळासकट गेली. धुळाजीची सून बाळाला पोटाशी धरून छपरावर बसली होती. छप्पर माझ्या डोळ्यांदेखत वाहत गेलं, मी आमच्या माळवदावर उभी होते. तुमचे भावजी, म्हणजे आमचे मालक, तेव्हा कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले. दोराचं दुसरं टोक धुळाजीच्या हातात होतं. ती दोघं काही सापडली नाहीत. पण सापडावीत म्हणून सबंध पेठेतून एकच माणूस उतरला होता, हे घाटनांदूरच्या लोकांना ठाऊक असू द्या.

पुढं मालकांनी माजलगावच्या तहसिलीत खेटे घातले. अर्ज केले, उन्हात बसले, आणि शेवटी हुकूम काढूनच आणला. चावडीत उभं राहून तो उर्दू हुकूम त्यांनी मराठीत वाचून दाखवला. पुराचं पाणी जिथवर चढलं तिथं चुना फासलेले दगड रोवायचे. दगडाच्या खाली राहतं घर, दुकान, कोठार, काही बांधायचं नाही. जुनं पडलं तर तिथं नवं उभारायचं नाही. शेत चालेल, खळं चालेल, उन्हाळ्यात गुरं बांधलेली चालतील. माणूस मात्र वर. बायका मला विचारायच्या, "तुमचे मालक तहसीलदाराशी उर्दूत बोलत्यात म्हनं?" मी म्हणायची, बोलतात, आणि तहसीलदार ऐकतात. माझी मान जरा जास्तच ताठ आहे असं सासूबाई म्हणायच्या. त्या दिवसांत असत्या तर आणखी बोलल्या असत्या.

आता तुम्हाला लिहिते. पेठेतल्यांना देवळाजवळची सरकारी जागा मिळाली. पूर ओसरल्यावर पुन्हा काठालाच खोपटी घातलेल्या दोर वळणाऱ्यांना काहीच मिळालं नाही. त्या दिवशी चावडीत विठ्ठलराव पाटील काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत. "दगडाखाली राहू नये, एवढंच हुकमात हाय. कुठं राहावं ते न्हाई. शिवेवरच्या खडकाळीत जा म्हणावं."

धुळाजी पायरीच्या खाली उभा होता. "तिथं पान्याचा थेंब न्हाई, मालक. अंबाडी कशात भिजवावी?"

मग पाटलांनी पहिले पंच म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "पाटील म्हणत्यात ते हुकमाला धरून हाय."

तो आवाज तुमचा होता, पण मला ओळखू आला नाही. म्हणून मी बोलले. बायकांतून उठून बोलले, "माझ्या बापानं आंदण दिलेला माळ दगडाच्या वर हाय. त्यात आड हाय. तिथं राहू द्या." पाटील हसले. "शिवलिंगप्पा, घरात बोलणं होत न्हाई वाटतं तुमचं? आन् पोटी लेकरू असतं तर बाईनं माळ असा उधळला नसता." सगळी चावडी हसली. तुम्ही उठलात.

पाटील जे म्हणाले त्याचं मला काही वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

घरी येऊन तुम्ही एवढंच विचारलंत, "आपल्या भिंतीला लागून?" मी म्हणाले, भिंत आपली, माळ माझा. मग तुम्ही पिशवी भरलीत.

दुकान मी उघडते. जेवते. झोपते. दुसरा काही समज करून घेऊ नये.

नीलम्मा


वैशाख वद्य द्वादशी

मालकांस नीलम्माचा शरणार्थ.

धुळाजीनं माळ घ्यायला नकार दिला.

तुम्हाला हे वाचून बरं वाटेल, पण पुढचं वाचा. तो दारात आला आणि म्हणाला, "आक्का, तुमचं मन मोठं हाय. पर दिलेलं मागं घेता येतं. आज तुमी हाव, उद्या तुमच्या मागं कोन येईल? आमाला दान नको. हुकूम हाय ना? मग हुकमानं द्या."

मला लई राग आला. सगळ्या गावाचा रोष ओढवून घेतला तो याच्यासाठी, आणि हा नको म्हणतो! पेठेतल्या बायकांनी माझ्या दुकानात येणं सोडलंय. समोरच्या वच्छलाबाई माझी सावली दिसली तरी पदर सावरतात. हे सगळं त्याला ऐकवावं असं वाटलं. पण दळण दळताना विचार केला, की हा माणूस माझ्याच जातकुळीचा आहे. उपाशी राहील, पण वाकून घेणार नाही. मग माझा राग गेला, आणि मी त्याला म्हणाले, चला माजलगावला.

बंकटच्या गाडीनं निघालो. धुळाजी आपण होऊन चालत होता. त्याची बायको केसरबाई गुडघ्यानं अधू आहे, तिला मी गाडीत बसायला सांगितलं. बंकट म्हणाला, "तिला बसवनार न्हाई मी. बैलं धुवावी लागतील." मी खाली उतरले आणि केसरबाईबरोबर चालायला लागले. भर वैशाखातलं ऊन, आणि माझ्या पायात वहाण नव्हती. रिकामी गाडी पुढं आणि आम्ही मागं. तेलगावचे लोक बघायला लागले, तशी बंकटला गाडी जड झाली. थांबून म्हणाला, "बसा बाई, दोघीबी बसा. बैलं काय, घाटावर न्हेऊन धुईन." त्यानं बैल धुतले की नाही ते मी विचारलेलं नाही. तुमच्याकडं येतो तो, तुम्ही विचारा.

तहसीलदारसाहेबांनी मला ओळखलं. "शिवलिंगप्पा सेठ नहीं आए?" म्हणाले. मी म्हणाले, घाटनांदूरला भावाच्या दुकानी काम निघालंय. याहून जास्त मी सांगितलं नाही आणि कुणाला सांगणारही नाही.

मी बोलायच्या आधीच केसरबाई पुढं झाली. पदर डोक्यावर, हात जोडलेले, पण नजर वर. म्हणाली, "सरकार, हुकमात म्हनं लिवलंय, दगडाखाली कुनी ऱ्हाऊ नये. आमी कुनी हाव का न्हाई? कुनी असलो तर खालनं उठवा आन् वर जागा द्या. कुनीच नसलो तर खालीच ऱ्हाऊ द्या. नदी बगून घेईल आमचं."

साहेबांनी हातातला कलम ठेवून दिला. कारकुनाला वाटलं ती उद्धट बोलली, तो तिला हटकायला उठला. साहेब म्हणाले, "बैठो." मग त्यांनी आमच्या गावचा हुकूम मागवून पुन्हा वाचला. त्यांच्या सख्ख्या बहिणीचं घर मुसीच्या काठाला होतं, असं बाहेर आल्यावर शिपायानं सांगितलं.

हुकमाला पुरवणी जोडली गेली. दगडाखालून ज्याला उठवायचं त्याला दगडाच्या वर, गावच्याच शिवारात, पाण्याच्या सोयीची जागा त्याच्या स्वतःच्या नावानं मिळाली पाहिजे. माळ सरकारनं घेतला आणि घराघराच्या नावानं वाटला. मला बदल्यात ओढ्याकडची पड मिळाली. ती खडकाळ आहे आणि तिथं बाभळीशिवाय काही येणार नाही. पण आता धुळाजीनं माझं काही घेतलेलं नाही आणि मी त्याला काही दिलेलं नाही. आम्ही दोघंही मोकळे आहोत.

हुकूम तुम्ही आणलात. त्याला शेवटचं वाक्य केसरबाईनं जोडलं. ते कुठल्या शहाण्याला सुचलं नव्हतं.

माळावर आता भिंती उठायला लागल्यात. गारा तुडवताना बाया गातात, ते दुकानात ऐकू येतं. तुम्हाला आवडलं असतं असं म्हणत नाही. ऐकू येतं एवढंच लिहिलं.

नीलम्मा


आषाढ शुद्ध अष्टमी

मालकांस नीलम्माचा शरणार्थ.

दोन पत्रांना उत्तर नाही. नसू द्या. भावजींनी बंकटजवळ खारकांची पुडी दिली आणि "वहिनींना द्या" म्हणाले. भावजी खारका कधी घेत नाहीत, त्यांचे दात दुखतात. पुडी कुणी बांधली ते गाठीवरून कळलं.

आज मात्र कामाचं लिहायचंय. वस्ती माळावर गेली आणि नदीकाठ मोकळा झाला. तशी पाटलांनी तिथं कोठार आखलं. त्यांच्या जावयाला कापसाचा व्यापार करायचाय. काठाला उतार सोपा आहे, गाड्या सरळ लागतात, म्हणून जागा तीच पाहिजे. गरिबाला उठवताना दगड देवासारखा होता. आता पाटलांना बांधायचंय, तर तोच दगड चुकून वर रोवलाय म्हणतात.

दगड खाली सरकवायचा तर पंचांना तहसिलीत जाऊन सही द्यावी लागते, की पाणी तिथवर चढलंच नव्हतं. बाकीच्या पंचांनी दिली. पहिले पंच तुम्ही आहात. पाटलांचा घोडेस्वार घाटनांदूरला येऊन गेला, हे मला बाजारात कळलं. सही दिली तर कोठारात तुमची भागी धरायची, असं बोलणं झालं म्हणे. आणखी असंही म्हणतात की पाटील तुम्हाला बोलले, "बायकोनं तुमची चावडीत शोभा केली. ह्या सहीनं सगळ्यांना कळंल, खडकपेठेत शब्द कुणाचा चालतो ते."

मी तुम्हाला काही सांगत नाही. सही तुमची आहे आणि मी चावडीत पुन्हा उठणार नाही.

कोठाराचा पाया कुठं आखलाय तेवढं लिहिते. धुळाजीच्या सुनेची चूल होती, बरोबर त्या जागेवर. केसरबाई तिकडं बघत नाही. अंबाडी धुवायला आता ती वरच्या डोहाकडून लांबच्या वाटेनं जाते.

इथं सगळं ठीक आहे. माळवदाला एका कोपऱ्यात गळती लागली होती. धुळाजीनं वर चढून पांढरी माती टाकली. मी मजुरी दिली, त्यानं घेतली.

नीलम्मा


श्रावण शुद्ध नवमी

मालकांस नीलम्माचा शरणार्थ.

तुम्ही काय केलंत ते तुम्ही मला सांगणार नाही, म्हणून मीच तुम्हाला सांगते.

धुळाजी माजलगावच्या बाजाराला नाडे विकायला गेला होता. तहसिलीपुढं तुमचा फेटा त्याला दिसला. तो झाडाखाली थांबला आणि शिपायांनी हटकलं तरी हलला नाही. त्यानं पाहिलं ते असं.

पाटील, त्यांचा जावई, बाकीचे पंच, सगळे ओसरीवर. तहसीलदारसाहेब खुर्चीत. कागद तुमच्यापुढं ठेवला. पाटील गोड आवाजात म्हणाले, "शिवलिंगप्पा, दगड तुमीच रोवले. तुमीच म्हणा, की जरा खाली घ्या."

तुम्ही कागद वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणालात, "पाटील, मी त्या पाण्यात उतरलतो. माझ्या गळ्याला पाणी लागलं ती जागा मी सही करून कोरडी कशी करू?"

जावई म्हणाला, "एका दगडानं काय होतंय?"

तुम्ही म्हणालात, "एक हलला की बाकीचे दगड ऱ्हात न्हाईत. नुसते धोंडे ऱ्हात्यात." आणि कागद सही न करता साहेबांपुढं सरकवलात. साहेब उठून उभे राहिले म्हणे. तुमच्यासाठी उभे राहिले की कचेरीची वेळ संपली म्हणून, ते धुळाजीला सांगता आलं नाही. मी मात्र गावात सांगते की तुमच्यासाठी उभे राहिले.

धुळाजी हे सांगत होता तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी त्याला म्हणाले, धुळाजी, जरा मोठ्यानं सांग, मला कमी ऐकू येतंय. त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. समोरच्या वच्छलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मग मी त्याला तिसऱ्यांदा सांगायला लावलं.

कोठाराचं काम थांबलं. पाया तेवढा उघडा पडलाय, त्यात बेडकं ओरडतात.

धुळाजीनं एक गोष्ट हळू आवाजात सांगितली. धोंड्यांचं ते बोलून झाल्यावर तुम्ही खाली मान घालून उभे राहिलात, जिंकलेला माणूस उभा राहतो तसे नाही. का ते मी विचारत नाही.

आणि हेही विचारत नाही, की माजलगावहून घाटनांदूरला जाताना तेलगावात थांबलेली तुमची गाडी इकडं का वळली नाही. तिथून खडकपेठेच्या देवळाचा कळस दिसतो. तुम्ही तिथं बैलांना पाणी दाखवलंत आणि धारूरची वाट धरलीत. त्या दिवशी नागपंचमीची पुरणाची दिंडं जरा जास्त झाली होती. केसरबाईच्या घरी धाडली.

नीलम्मा


भाद्रपद वद्य द्वितीया

मालकांस नीलम्माचा शरणार्थ.

आधी हे वाचा, की सगळे जिवंत आहेत. आता सावकाश पुढचं वाचा.

डोंगराकडं दोन दिवस पाऊस कोसळत होता. परवा सकाळी कुंडलिकेचा रंग बदलला आणि दुपारपर्यंत ती काठ सोडून चढायला लागली. तुमचा हुकूम नसता तर पहिल्या तासातच वस्ती गेली असती. वस्तीच्या जागी पाटलांचा उघडा पाया होता. पाण्यानं तो भरला, झाकला, आणि मग तो कुठं होता तेही कळेना. सगळा गाव दगडांच्या वरच्या बाजूला उभा राहून बघत होता. पाणी पहिल्या दगडाला लागलं. चुन्याचा पट्टा भिजला. तिथंच पाणी अडलं. लोक ओरडले, जसे जत्रेत कुस्ती जिंकल्यावर ओरडतात. मला रडू आलं, पण पाऊस होता, कुणाला कळलं नाही.

नदीच्या बाजूचे सगळे दगड टिकले. पेठेच्या बाजूचा दगड मात्र टिकला नाही.

त्या दगडाचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मागच्या पुराची खूण देवळाच्या कट्ट्यावर होती. पेठेतल्यांनी तुमच्यापुढं हात जोडले, बाजाराची मोकळी जागा जवळ पाहिजे म्हणाले, आणि दगड कट्ट्यावरून उतरून बराच खाली आला. आपल्या नव्या दुकानाची जागाही त्यातच धरली होती. परवा नदी तो दगड ओलांडून आली आणि नव्या पेठेत गुडघाभर पाणी शिरलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं की इथं गिऱ्हाइकांची सोय बघितली आहे.

पेठेतली माणसं लेकरंबाळं घेऊन वर पळाली. वर म्हणजे कुठं? सगळ्यांत उंच जागा माळाची. ज्या भिंतींकडं तोंड फिरवून जात होते, त्याच भिंतींच्या आडोशाला येऊन बसले. केसरबाईनं आपली ओसरी झाडून दिली. दोर वळणाऱ्यांनी अंबाडीचे सुके भारे अंथरले, म्हाताऱ्यांना त्यावर बसवलं. कुणी कुणाला जात विचारली नाही, असं मी लिहिणार नाही. बरेच जण अंग चोरूनच बसले होते. पण बसले.

गावातल्या आडांत गढूळ पाणी शिरलं होतं. माळावरचा आड तेवढा स्वच्छ. वच्छलाबाईंचा नातू पाणी पाणी म्हणून रडायला लागला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी घागर आणून द्यावी म्हणून. माझ्या हातातलं त्यांना चाललं असतं. मी जागची हलले नाही. माझ्या मनाचा दगड झाला होता म्हणा, किंवा मला बघायचं होतं म्हणा. केसरबाईनं पोहरा वर ओढला आणि ती तशीच उभी राहिली. दे म्हटल्याशिवाय ती देणार नव्हती. वच्छलाबाई उठल्या. चिखलातून तिच्यापाशी गेल्या आणि त्यांनी ओंजळ पुढं केली. "घाल बाई," म्हणाल्या. केसरबाईनं पाणी घातलं. नातवाला पाजून वच्छलाबाई स्वतः प्यायल्या. त्यानंतर ओळीनं सगळे प्यायले.

उद्या पाणी ओसरल्यावर हे सगळे विसरतील, असं धुळाजी म्हणाला. विसरतील, मी म्हणाले, पण माळ तुमच्या नावावर आहे, तो कागद विसरत नाही. तेव्हा तो हसला. सून गेल्यापासून त्याला हसताना मी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी पाटील आले. पागोटं भिजून खांद्यावर घेतलं होतं. सगळ्या वस्तीवर नजर फिरवून मला म्हणाले, "नीलम्माबाई, एकबी मानूस गेलं न्हाई. शिवलिंगप्पाला कळवा." म्हणून कळवते.

धारूरच्या खाली सगळ्या नद्यांना पूर होता. कुठल्या कुठल्या गावांतून वाईट बातम्या येतायत. खडकपेठेची बातमी ही आहे.

एक गोष्ट आणखी. पेठेतल्यांना चिखल उपसून पुन्हा तिथंच दुकानं मांडायची आहेत. त्या दगडाचं काय करायचं ते पहिल्या पंचांनी ठरवायचं आहे. पहिले पंच घाटनांदूरला असतात. मी त्यांच्यातर्फे काही बोलणार नाही. एकदा बोलले होते, ती गोष्ट वेगळी. माळ माझा होता.

नीलम्मा


घाटनांदूर, आश्विन शुद्ध चतुर्थी

सौ. नीलम्मास शिवलिंगप्पाकडून शरणार्थ.

तुझी सगळी पत्रं पोचली. मी वाचली. विरुपाक्षानं वाचली. त्याच्या बायकोनं दोनदा वाचून घेतली. हिशोबाच्या पत्राला उत्तर लिहिता येतं, तुझ्या पत्राला कसं लिहावं?

आठ दिवसांमागं माजलगावला जाऊन आलो. पेठेचा दगड उचलून देवळाच्या कट्ट्यावर, खुणेच्या जागी रोवावा, असा अर्ज दिला. साहेबांनी मंजूर केला. त्या दगडाखाली आलेली सगळी दुकानं उठणार, पहिलं आपलं. पेठेतले मला शिव्या देतील. देऊ देत. सही द्यायला पाटलांपुढं उभा होतो तेव्हाच तो दगड माझ्या डोळ्यापुढं आला होता. धुळाजीची नजर बारीक आहे.

साहेबांनी विचारलं, वर जागा शिल्लक कुठं आहे? कट्ट्याच्या वर आता एकच पट्टी उरली आहे, माळाच्या भिंतीला लागून. वाटणीच्या वेळी ती कुणी मागितली नव्हती, का ते तुला ठाऊक आहे. ती मी आपल्या दुकानासाठी मागून घेतली. माझ्या मागोमाग बाकीच्यांनाही यावं लागेल, दुसरी जागाच नाही.

चावडीत तू उठून बोललीस ते मला अजून बरं वाटत नाही. आधी मला सांगायचं होतंस. पण सांगितलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो, हेही खरं आहे. म्हणून त्यावर आता बोलू नये.

काल इथं दुकानात एक गोष्ट झाली. परळीचा कापसाचा दलाल आला होता. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. तो पुराच्या गोष्टी सांगत होता, या गावात इतके गेले, त्या गावात तितके. मग म्हणाला, "तेलगावाकडं खडकपेठ म्हणून हाय. तिथं दगड रोवल्यात म्हणं, दगडाच्या वर समदे ऱ्हात्यात. एक मानूस गेलं न्हाई. कुनी नीलम्मा म्हणून बाई हाय तिथं, दोर वळनाऱ्या लोकांसाठी तहसीलदारापुढं उभी ऱ्हायली. अनवानी गेलती म्हणत्यात."

विरुपाक्ष माझ्याकडं बघायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत मी तुझं नाव कधी घेतलं नव्हतं. आपल्यात घेत नाहीत. मी तागडी खाली ठेवली आणि म्हणालो, "नीलम्मा माझी बायको हाय."

दलाल उठला आणि त्यानं मला नमस्कार केला. नमस्कार तुझा होता, मी घेतला. जपून ठेवलाय, आल्यावर देतो.

सोमवारी निघतो. पावसानं धारूरचा घाट बिघडलाय, बैल दमले तर मुक्काम करीन आणि मंगळवारी येईन. नव्या दुकानाच्या भिंती मी आल्यावरच आखू. दोर धरायला धुळाजीला सांगून ठेव. दार कुठल्या तोंडाला ठेवायचं ते तू ठरव. मला विचारशील तर माळाकडं ठेवावं.

शिवलिंगप्पा